लेदर जॅकेट घेताय? आधी टॅग वाचा

दिवाळी सरली, हवेत जरा गारवा आला की फोनवर लेदर जॅकेटच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. 'बायकर जॅकेट', 'क्लासिक रायडर', 'व्हिंटेज कॅफे रेसर'. किंमत बाराशेपासून लाखापर्यंत. फोटोत सगळी सारखीच दिसतात: काळी, चकचकीत, तिरप्या चेनची. मग बाराशेचं आणि लाखाचं यात फरक कशाचा, असं गेल्या महिन्याभरात तीन पोरांनी विचारलं. तिघांनाही वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

ज्याला आपण 'बायकर जॅकेट' म्हणतो त्याचा मूळ पुरुष १९२८ सालचा. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉटने ते बेतलं, आवडत्या सिगारच्या नावावरून त्याला 'पर्फेक्टो' नाव दिलं आणि हार्ले-डेव्हिडसनच्या एका डीलरकडे ते साडेपाच डॉलरला विकायला ठेवलं. ती तिरपी चेन नखरा म्हणून नव्हती. सरळ चेनच्या फटीतून वारा थेट छातीत घुसतो. इथे एक पदर दुसऱ्यावर चढतो आणि वारा अडतो. टाकीवर ओणवं झालं तरी पोटाशी कापड गोळा होत नाही. कमरेचा पट्टा, मनगटाच्या चेनी, कॉलर फडफडू नये म्हणून लावलेली बटणं, या सगळ्याला काम होतं.

१९५३ साली 'द वाइल्ड वन'मध्ये मार्लन ब्रँडोने असलं जॅकेट घातलं आणि ते एकदम गुंडांचं झालं. ब्रिटनमध्ये तर तो सिनेमा कितीतरी वर्षं थिएटरात लागू दिला नाही. पण मला याहून आवडतो तो १९७४ च्या 'हॅपी डेज' या अमेरिकन मालिकेचा किस्सा. वाहिनीला फॉन्झी या पात्राच्या अंगावर लेदर जॅकेट नको होतं, मवाली दिसतो म्हणून. शेवटी तोड निघाली ती अशी, की मोटरसायकल जवळ असेल तरच जॅकेट घालायचं, कारण तेव्हा ते सुरक्षेचं साधन ठरतं! त्या वाहिनीच्या बाबूंना जे कळलं ते आपल्या बाजाराला अजून कळलेलं नाही.

दुसरी जात इंग्लंडची, कॅफे रेसर. साठच्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणारी पोरं हँडल खाली करून, जवळजवळ झोपून गाडी हाणायची. त्यांना रुंद कॉलर नकोच होती, वाऱ्याने तोंडावर आपटायची. म्हणून सरळ चेन, उभी छोटी पट्टी, अंगासरशी बेत. लुईस लेदर्स हे त्यातलं जुनं घराणं, १८९२ पासूनचं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे बुलेट, जावा चालवणाऱ्यांनी कॅफे रेसर घ्यावं. पर्फेक्टो जड पडतं, आणि मोठं पोट असेल तर त्या तिरप्या चेनीत माणूस चक्क गाठोड्यासारखा दिसतो.

आता मोलाकडे येऊ. अस्सल अमेरिकन पर्फेक्टो आज इथे मागवलं तर ड्युटी धरून लाखाच्या घरात जातं. त्यात नावाचे पैसे आहेतच. पण ते जाड, चिवट चामड्याचं असतं, वीस-तीस वर्षं वापरता येतं आणि जुनं झालं तरी गिऱ्हाईक मिळतं. बाराशेचं जॅकेट बहुतेक वेळा लेदर नसतंच. आपण लहानपणापासून ज्याला रेक्झिन म्हणतो तेच, 'पीयू', 'फॉक्स', 'व्हीगन' अशी नवी नावं लावून आलेलं. कापडावर प्लास्टिकचा थर. 'बॉन्डेड लेदर' म्हणजे चामड्याचा भुगा चिकटवून केलेली शीट. दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. पैसे वाया गेले तर गेले, पण डांबरावर घसटलात तर हे प्लास्टिक तापून वितळतं आणि कातडीला चिकटतं. डॉक्टरांना ते जखमेतून काढत बसावं लागतं.

आणि 'जेन्युइन लेदर' लिहिलंय म्हणूनही निश्चिंत होऊ नका. जाडी विचारा. फॅशनचं मेंढीचं जॅकेट पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. मऊ, हलकं, हात फिरवत राहावंसं वाटतं, आणि रस्त्यावर घसटताच फाटतं. गाडीवर वापरायचं तर १.२ मिलिमीटर किंवा जास्त हवं, गाय, म्हैस किंवा निदान चांगल्या बकऱ्याचं. शिलाई दुहेरी हवी, कारण आधी उसवतो तो सांधा. बायकांच्या जॅकेटांचा तर आनंदच आहे, ती जवळजवळ सगळी पाऊण मिलिमीटरवाली. बायका काय फक्त मागच्या सीटवर बसून फोटो काढतात?

अस्सल क्लासिक जॅकेटलाही एक मर्यादा आहे. ते खरचटणं वाचवतं, आदळणं नाही. त्यासाठी खांद्याला, कोपराला, पाठीला पॅड लागतात आणि जुन्या बेताच्या जॅकेटांत ते नसतात. युरोपात २०१८ पासून मोटरसायकलस्वाराचं संरक्षक जॅकेट म्हणून विकायचं तर ते चाचणीतून जावं लागतं; ईएन १७०९२ नावाच्या मानकात ए, डबल ए, ट्रिपल ए अशा चढत्या श्रेणी आहेत. आपल्याकडे टॅगवर मोठ्ठं 'सीई' दिसतं, आत बघावं तर ते फक्त पॅडला असतं, जॅकेटला नाही. दुकानदाराला फरक विचारला तर तो म्हणतो, "सर, एकच आहे." एकच नाही.

हे सगळं सांगायचं कारण, २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, त्यात ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती. हेल्मेटला कायदा आहे, आयएसआयची सक्ती आहे. जॅकेटची सक्ती करा असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात नागपूरला लेदर घालून सिग्नलला थांबायला लावणं म्हणजे छळच. तिथे जाळीचं, पॅडवालं कापडी जॅकेट बरं. पण 'रायडिंग' हा शब्द छापून विकताय ना, मग कातडं कुठलं, जाडी किती, चाचणी कशाची झाली, हे टॅगवर लिहिण्याची सक्ती हवी. बिस्किटाच्या पुड्यावर मीठ किती ते लिहावं लागतं, मग इथे काय अडचण आहे? चेन्नईला सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूट १९४८ पासून आहे. चाचणीसाठी परदेशात जायची गरज नाही.

अशा टॅगचा फायदा कोणाला होईल, तर तो थेट धारावीला. सायन-वांद्रे लिंक रोडच्या दुकानांमागे, गल्ल्यांत जॅकेट, बॅगा, पट्टे शिवणारे कारागीर आहेत. कातडी कमावण्याचं काम तिथून जवळजवळ गेलं, आता कमावलेलं चामडं चेन्नई-कानपूरहून येतं. गाय-बैलाचं २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात तयार होत नाही, म्हणून म्हैस आणि बकरी जास्त. पण कापणारा-शिवणारा हात अजून तिथेच आहे. ढोर, चर्मकार, तमिळनाडूतून आलेली मुस्लिम कुटुंबं. ज्या कामाला शहराने नाक मुरडून कडेला ढकललं, त्याच कामावर ही वस्ती उभी राहिली. त्यांचं अस्सल म्हशीचं जॅकेट आणि मॉलमधलं रेक्झिन एकाच फोटोत सारखं दिसतं, आणि रेक्झिन स्वस्त असतं. टॅग नसला की कारागीर हरतो.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा आपण सगळे किती पेटलो होतो. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे म्हणून बोलायला आधार तरी होता. धारावीच्या लेदरला असा काही आधार नाही, आणि पुनर्विकासात पात्र-अपात्रच्या याद्या होताहेत तेव्हा शिलाईच्या खोलीचं, मशीनचं, चामड्याच्या साठ्याचं काय होणार यावर आपण पेटलेलो दिसत नाही. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आहे ना राज्याचं? कर्ज-योजनांच्या बरोबरीने त्यांनी धारावीत जाडी मोजून, चाचणी करून शिक्का मारून देणारं एक केंद्र उघडावं. आपल्या आमदार-नगरसेवकांना हे विचारा. मीही लेखी विचारणार आहे.

तोवर ज्यांना यंदा घ्यायचंच आहे त्यांनी धारावीत माप देऊन शिवून घ्या. म्हैस मागा, कडेला कापलेला तुकडा हातात घेऊन जाडी बघा, खांद्या-कोपराला आतून पॅडचे खिसे ठेवायला सांगा. पॅड रायडिंग गिअरच्या दुकानांत सुटे मिळतात. माप बसून घ्या, उभं राहून नको. गाडीवर हात पुढे गेले की बाही दोन बोटं वर चढते. आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, बुरशी येते. जुन्या सुती चादरीत गुंडाळून हवेशीर टांगा.