तिसऱ्या यंत्राची साक्ष

विमानातले एखादे यंत्र बंद पडले तर ते निदान दिसते. काटा थांबतो, पडदा काळा होतो, दिवा लागतो. खरा धोका असतो तो चालू राहून खोटे सांगणाऱ्या यंत्राचा. महाराष्ट्राने याची जबर किंमत मोजली आहे.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघाले. किनारा ओलांडल्यावर विमान उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. मात्र कॅप्टनसमोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र उजवा कलच दाखवत राहिले. तो कल काढण्यासाठी विमान डावीकडे झुकवले गेले आणि झुकतच गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. त्यात २१३ जण मृत्युमुखी पडले.

अनुभवी वैमानिकाला विमान एका बाजूला कलंडतेय हे कळू नये, याचे उत्तर कानात आहे. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की त्यांतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. पण वळण एकाच गतीने चालू राहिले, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळणाची जाणीव विरते. अगदी हळू सुरू झालेला कल तर कळतही नाही. मेढ्याहून महाबळेश्वरला जाताना केळघर घाटात पावसाळी धुके दाटते, तेव्हा चालकाला निदान चाकाखाली रस्ता जाणवतो, कडेचा कठडा दिसतो. काळोख्या समुद्रावरच्या वैमानिकाला यातले काहीच नसते. क्षितिज दिसत नाही, शरीर फसवते, उरतात ती यंत्रे.

म्हणूनच वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवतात : शरीरावर नको, यंत्रावर विश्वास ठेव. हा धडा खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा की कोणत्याही एका यंत्रावर विश्वास ठेवू नकोस.

दिशादर्शकाचे उदाहरण घ्या. उड्डाणानंतर कॅप्टनचा दिशादर्शक एक आकडा दाखवतो आणि सहवैमानिकाचा दुसरा. दोनच साक्षीदार असतील तर मतभेद कळतो, खोटे कोण बोलतेय ते कळत नाही. तिसरी साक्ष लागते. ती देतो काचेजवळचा छोटा, द्रवात तरंगणारा चुंबकीय होकायंत्राचा गोळा. त्याला वीज लागत नाही. मात्र वळताना किंवा वेग बदलताना तो चुकतो, म्हणून आधी विमान सरळ आणि स्थिर करावे लागते. धावपट्टीचा क्रमांकही साक्षीदारच आहे. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचा दिशादर्शक २७० अंशांच्या आसपास असायला हवा. तो नसेल, तर दोष जमिनीवरच सापडतो. हवेत सगळेच संशयास्पद झाले, तर रडारवरचा नियंत्रक ‘वळायला लागा’, ‘आता थांबा’ असे सांगून विमान आणू शकतो. त्यासाठी अट एकच : अडचण आहे हे वेळेवर बोलायला हवे.

खरी मेख या बोलण्यात आहे. ‘एम्परर अशोक’च्या कॉकपिटमध्ये तीन माणसे होती. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते. पण तोवर सेकंदच उरले होते. त्यानंतर जवळपास २२ वर्षांनी, २२ डिसेंबर १९९९ रोजी, लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून निघालेल्या कोरियन एअरच्या मालवाहू ७४७ चे हेच झाले. कॅप्टनचे कलदर्शक चुकत होते, दोन यंत्रांत तफावत असल्याचा इशारा वाजत होता, इंजिनिअर कल वाढल्याचे सांगत होता. सहवैमानिक गप्प राहिला. चौघेही गेले. यंत्रणेने सावध केले होते. कमी पडली ती माणसांची व्यवस्था.

‘आता संगणक आले, तीन-तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत, मग काळजी कशाची?’ असा प्रश्न रास्त आहे. अशा यंत्रणांनी धोका खूप कमी केला, हे मान्यच करायला हवे. पण इशारा ऐकून काय करायचे हे अजून माणसालाच ठरवावे लागते. शिवाय यंत्रे जितकी क्वचित चुकतात, तितकी ती चुकल्यावरची सवय मोडते. म्हणून सिम्युलेटरमध्ये सरळसोट ‘इंजिन बंद’ इतकाच सराव पुरेसा नाही. हळूच खोटे बोलू लागणारे यंत्र आणि त्याच वेळी चुकीचा निर्णय घेणारा वरिष्ठ, असा सराव हवा. कनिष्ठाने स्पष्ट टोकणे आणि गरज पडल्यास ताबा घेणे, हाही त्याच सरावाचा भाग हवा.

अपघातानंतर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारला की फाइल मिटते. १९७८ च्या चौकशीनेही कॅप्टनच्या चुकीच्या हालचालींवर बोट ठेवले. ते खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबले तर पुढच्या कॉकपिटला त्यातून काही मिळत नाही. चूक होणारच, असे धरून ती तिसऱ्या सेकंदाला कोण पकडेल, हा प्रश्न विचारायला हवा.

हे केवळ विमानापुरते नाही. घरातल्या रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा दंडाला लहान पडला, तर आकडा उगाच वाढलेला दिसतो. एका आकड्यावर गोळी सुरू करणारा किंवा बंद करणारा रुग्ण त्याच चुकीच्या वाटेवर असतो. पुन्हा मोजणे, दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहणे आणि नर्सने शंका काढली तर डॉक्टरांनी ती ऐकून घेणे, यात कोणाचाच कमीपणा नाही. दोन आकडे जुळत नसताना घाईने एकाची बाजू घेण्यापेक्षा तिसरा साक्षीदार बोलावणे केव्हाही स्वस्त पडते.