धर्मग्राम सगळ्यांचा



चर्चचे निर्णय धर्मगुरूंवर सोडावेत, लोकांनी फक्त मिस्सेला यावे, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनेच प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली आहे आणि तीत सामान्य श्रद्धावंतांना स्थान दिले आहे.

आपल्या कोर्लई गावाचेच पाहा. पोर्तुगीज १७४० मध्ये शेजारच्या चौलमधून गेले, तरी त्यांच्या भाषेतून घडलेली बोली इथल्या ख्रिस्ती घरांत टिकली. ती कुणाच्या फर्मानाने नव्हे, आया-आज्यांच्या तोंडून! प्रार्थनेत मराठीसोबत तिलाही जागा द्यायची का, मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलांना धर्मग्रामाशी कसे जोडून ठेवायचे, हे बदलीवर आलेल्या धर्मगुरूंनी एकट्याने कसे ठरवावे? बायाबापड्यांनी, तरुणांनी धर्मग्रामाच्या पुढच्या बैठकीला जरूर यावे आणि मोकळेपणाने बोलावे.

– एक वाचक, रेवदंडा