खेपेचा खर्च

वर्षाचे गहूं वैशाखांत एकदम भरून टाकावे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. गेल्या वर्षीं सूनबाईंनीं सहज विचारलें, "बाबा, असें एकदम घेतल्यानें आपलें नक्की काय वांचतें?" इतकीं वर्षें जी गोष्ट काटकसर म्हणून मिरविली, तिचा हिशेब आपण कधींच मांडला नाहीं, हें ध्यानांत येऊन आम्ही किंचित् ओशाळलों व कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

कोणत्याहि खरेदींत कांहीं खर्च मालाबरोबर वाढतो व कांहीं नुसत्या खेपेचा असतो. रिक्षाचें भाडें आणि बाजारांत मोडलेली दुपार वीस किलोंना जेवढी, तेवढीच साठ किलोंना. आमच्या घरीं वर्षास २४० किलो गहूं लागतात. एका खेपेस ६० रुपये धरले. एकदम आणले तर वर्षाचे ६०; दरमहा आणले तर ७२०. उलटपक्षीं घरांत पडून राहिलेला मालहि फुकट राहत नाहीं. पैसे अडकतात, कांहीं दाणा किडतो. त्याबद्दल किलोमागें वर्षाचे ३ रुपये लावले. गहूं रोज उपसले जात असल्यामुळें कोठींत सरासरीनें निम्मेच असतात. म्हणजे १२० किलोंचे ३६०. एकूण ४२० रुपये. दरमहाच्या पद्धतीनें ७५०. शिरस्ता जिंकला, असें समजून आम्हीं कागद सूनबाईंपुढें सरकविला.

त्यांनीं तो वाचून एवढेंच विचारलें, "बाबा, आईंचे वैशाखांतले तीन दिवस ह्यांत कोठें आहेत?"

ते कोठेंच नव्हते. गच्चीवर चादरी पसरून गहूं उन्हांत घालणें, सायंकाळीं उचलणें, निवडणें, एरंडेलाचा हात लावणें, डब्यांत कडुनिंबाचा पाला घालणें, हें सर्व घरांत आपोआप होतें अशी आमची समजूत! तें धरून सांभाळणुकीचा आंकडा ३ वरून ८ वर नेला, तेव्हां एकदम खरेदीचे १०२० झाले आणि दरमहाचे ८००. साठ साठ किलो चार खेपांत आणले तर मात्र २४० खेपांचे व २४० सांभाळण्याचे, मिळून ४८०. (भाव वर्षभर सारखा धरला आहे, हंगामांत स्वस्त मिळत असतील तर तो लाभ निराळा मोजावा.)

दोन्ही आंकडे सारखे आले हा योगायोग नव्हे. हे दोन खर्च जेथें समान होतात तेथेंच त्यांची बेरीज किमान असते, हें फोर्ड हॅरिस ह्या अमेरिकन इंजिनिअरानें १९१३ सालीं ‘फॅक्टरी’ नामक मासिकांत दाखविलें. त्याचा प्रश्न कारखान्याचा होता: यंत्र एकदां जुळविल्यावर एका दमांत किती नग काढावे? नियम वर्गमुळाचा आहे. खेपेचा खर्च चौपट झाला तर खरेदी दुप्पटच करावी. शिवाय हा नियम मोठा क्षमाशील आहे. साठांऐवजीं ४० किलो आणले तर ५२०, ८० आणले तर ५००. तेव्हां आंकडा काट्यावर तोलीत बसण्याचें कारण नाहीं.

खरी मेख आहे ती खेपेच्या खर्चांत काय धरावें ह्या ठिकाणीं. आमचे एक स्नेही कारखान्याच्या खरेदीखात्यांत होते. तेथें साऱ्या कारकुनांचा पगार मागण्यांच्या संख्येनें भागून प्रत्येक मागणीवर लादीत. मागणी महाग दिसूं लागली, म्हणून मागण्या निम्म्या केल्या. कोठारें तुडुंब भरलीं आणि पगार होता तेवढाच राहिला. खेप टळल्यानें जो पैसा व जे श्रम खरोखर टळतात, तेवढेच तिच्या नांवावर मांडावे. कारकुनाचा पगार टळत नाहीं. सांभाळणुकीच्या बाजूस आमच्या कुटुंबाचे गच्चीवरचे तीन दिवस मात्र टळतात. दुसरी चूक ह्याहून बेमालूम. साठ किलोंवर ६० रुपये, म्हणून किलोमागें एक रुपया भावांतच मिळवून टाकतात. मग वीस किलो आणले तरी वहींत एकच रुपया दिसतो. वस्तुतः तो तीन झालेला असतो.

आणि हा खर्च ब्रह्मलिखित थोडाच आहे! टोयोटाच्या कारखान्यांत एका हजार टनी दाबयंत्राचे सांचे बदलण्यास चार तास लागत. १९६९ सालीं शिगेओ शिंगो ह्यांनीं तें काम प्रथम दीड तासावर व नंतर तीन मिनिटांवर आणलें. मोठमोठे ढीग करून ठेवण्याचें कारणच त्यामुळें उरलें नाहीं.

आमच्या कोपऱ्यावरचा वाणी यंदापासून १५ रुपयांत पोतें घरपोंच देतो. खेप चौथाईवर आली, म्हणून खरेदी निम्म्यावर, ३० किलोंवर आणली. वर्षाचा खर्च २४० वर उतरला. वैशाख सरला, गच्चीवर चादरी पसरल्या नाहींत.