नाव कमी केले, पुढे काय?

जून 2024 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरील एका मद्यालयाच्या स्वच्छतागृहात तरुण मुले अमली पदार्थ घेत असल्याची चित्रफीत घरोघर पोहोचली आणि विद्येचे माहेरघर म्हणवून घेणारे शहर हादरले. महिनाभर आधीच कल्याणीनगरात मध्यरात्रीनंतर एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला होता. मोटार चालविणारा मुलगा अल्पवयीन होता आणि अपघातापूर्वी त्याने मद्यालयात मद्यपान केले होते, असे पोलीस तपासात पुढे आले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मेफेड्रोन, म्हणजे मुलांच्या बोलीतले ‘एमडी’, तयार होत असल्याचे उघड झाले. त्या प्रकरणात पुणे पोलिसांनी जप्त केलेला साठा हजार किलोंच्या वर होता.

पुढे जे व्हायचे ते झाले. मद्यालयांना टाळी लागली, काही पोलीस अधिकारी निलंबित झाले, अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडला, मोर्चे निघाले, वाहिन्यांवर चर्चा झडल्या. पावसाळा संपेपर्यंत शहराने कूस बदलली.

या गदारोळात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. एवढा माल घेणार कोण होते? सगळा काही याच शहरासाठी नव्हता, तो दिल्लीपर्यंत गेल्याचे दिसून आले. तरीही राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली लाखो मुले ज्या शहरात वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत आणि ‘पीजी’त राहतात, तेथे विक्रेत्याला गिऱ्हाईक शोधत दूर जावे लागत नाही. मद्यालयाला टाळे लागल्यावर ही मुले कोठे गेली? आपापल्या खोल्यांत परतली आणि त्यांनी दार लावून घेतले. त्या दाराआड काय चालते आणि ते उघडकीस आल्यावर विद्यापीठे, महाविद्यालये काय करतात, याविषयी आज लिहावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकाने वसतिगृहाचे आयुष्य तीन वर्षे अनुभवले आहे. स्नेहसंमेलनाच्या रात्री शेजारच्या खोलीतील एक मुलगा पिऊन बेशुद्ध पडला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला, आमच्यात सर्वांत सुंदर अक्षराचा मुलगा. तो उताणा पडून ओकत होता, घशातून घरघर येत होती. आम्ही सहा जण भोवती उभे राहून तासभर खल करीत होतो. डॉक्टरांना बोलवावे तर रेक्टरांना कळणार, रेक्टरांना कळले तर त्याचे नाव कमी होणार आणि त्याच्या सोबत होते म्हणून आणखी दोघांचे जाणार. अखेर गस्तीवरचे वृद्ध रखवालदार आत आले. त्यांनी न बोलता त्याला कुशीवर वळविले, बोटाने तोंड मोकळे केले, आम्हाला दोन शिव्या हासडल्या आणि रिक्षा आणायला पिटाळले. मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर त्याचे नाव कमी केल्याची नोटीस लागली, दुपारी त्याची ट्रंक फाटकाबाहेर ठेवण्यात आली आणि पत्रे मिळविण्यासाठीसुद्धा त्याने कोणाला पत्ता दिला नाही. संस्थेने शिस्त राखली, असे तेव्हा आम्हा सर्वांनाच वाटले होते. आज वाटते की तो एक तास आम्ही मित्राच्या जिवाचा नव्हे, नोटिशीचा विचार करण्यात घालविला, आणि असे करायला त्या संस्थेनेच आम्हाला शिकविले होते.

आजही बहुतेक ठिकाणी रीत हीच आहे. प्रकरण सापडले की आधी ते बाहेर जाऊ नये याची खटपट, पालकांना बोलावून लेखी माफीनामा आणि तेवढ्याने भागले नाही तर नाव कमी. संस्थेची अब्रू वाचते. मुलगा मात्र ज्या अवस्थेत सापडला त्याच अवस्थेत, आता अभ्यासाचे व मित्रांचे उरलेसुरले बंधनही गमावून, रस्त्यावर येतो. विक्रेत्याला याहून सोयीचे दुसरे काय हवे?

कायदा याहून शहाणा आहे. अमली पदार्थविरोधी 1985 चा कायदा देशातील अत्यंत कठोर कायद्यांपैकी एक गणला जातो. व्यापारी प्रमाणात साठा सापडला तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी, आणि मेफेड्रोनच्या बाबतीत हे प्रमाण अवघे 50 ग्रॅम. परंतु याच कायद्याचे कलम 64 अ असे सांगते की केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचारास तयार झाला, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्थांना आजाराच्या व्याख्येत स्थान दिले. ज्याला कायदा रुग्ण मानतो, त्याला महाविद्यालय मात्र कलंक मानते.

मद्याची कथा आणखी विचित्र. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे पदवीच्या वर्गातील बहुतेक मुलांना कोणतेच मद्य कायद्याने पिता येत नाही, पदव्युत्तर वर्गातील बहुतेकांना व्हिस्की चालत नाही. हा नियम पाळला गेला असता तर महाविद्यालयांच्या परिसरातील निम्म्या मद्यालयांना संध्याकाळी माश्या मारत बसावे लागले असते.

येथे एक अप्रिय गोष्ट स्वकीयांनाही सांगितली पाहिजे. जानेवारी 2022 मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपण आवाज उठविला आणि तो योग्यच होता. जून 2025 मध्ये आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या सरकारने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले आणि त्यातून 14,000 कोटी रुपयांचे वाढीव उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगितले. दारू महागली, हे चांगलेच. परंतु ज्या तिजोरीला बाटलीमागे एवढी आस लागली आहे, ती विक्री घटावी असे मनापासून इच्छील काय? हा प्रश्न आपण तेवढ्याच मोठ्याने विचारला असे स्मरत नाही. तसेच, मुलाच्या नोकरीच्या आनंदात पाहुण्यांपुढे पेले मांडणारे घरही आता परके राहिलेले नाही. अशा घरातून वसतिगृहात गेलेल्या मुलाला नेमके कोणते तोंड घेऊन उपदेश करायचा?

मग मोकळे सोडावे काय? मुळीच नाही. जो विकतो, तो विद्यार्थी असला तरी त्याला दयामाया नको. त्याला पोलिसांच्या हवाली करणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. अर्थात रेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते. स्वतःच्या पुडीचा खर्च भागविण्यासाठी दोन मित्रांना पुडी पोहोचविणारा मुलगा कोणत्या बाजूला, हे ठरविताना कुलगुरूंनाही रात्र जागवावी लागेल. ती त्यांनी जागवावी. जो केवळ घेतो, त्याला उपचारांच्या काळात वसतिगृहाबाहेर ठेवा, त्याच्या खोलीत राहणाऱ्या निर्व्यसनी मुलाच्या बापाची काळजीही रास्तच आहे; परंतु पटावरचे नाव राहू द्या. क्षयाच्या रुग्णाला सत्र बुडाले म्हणून कोणी काढून टाकत नाही. आणि जो मित्रासाठी मदत मागतो, त्याला कोणतीही शिक्षा होणार नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी सांगा. पाश्चात्त्यांचे सगळेच उचलण्याजोगे नसते, पण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये नेमका हाच नियम केला आणि पुढच्या दोन वर्षांत मद्यामुळे अत्यवस्थ झालेल्या मुलांसाठी मदत मागणारे दूरध्वनी वाढले. भीती गेली, तशी दारे उघडली.

उपचारांसाठी आपल्याला अमेरिकेकडे पाहण्याची गरजही नाही. ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ने पुण्या-मुंबईची मुले पोखरली, तेव्हा डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या साह्याने 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ उभे केले. अवचटांचे आणि आमचे विचार सर्वत्र जुळत होते असे नाही. त्यांचे हे काम मात्र निर्विवाद. रुग्णाला नावाने हाक मारायची, घरच्यांना उपचारांत ओढून घ्यायचे आणि बाहेर पडल्यावरही त्याचा माग सोडायचा नाही, हे तेथे जमते. तेच एका रेक्टरला कसे जमावे? बहुतेक ठिकाणी तो एखादा प्राध्यापकच असतो, दिवसभर शिकवून रात्री शेकडो मुलांवर लक्ष ठेवणारा. समुपदेशक असलाच तर अनेकदा कंत्राटी.

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या पद्धतीत मिंधेपण होते, जातीची बंधने होती. ती गेली हे बरेच झाले. पण मंगळवारी मुलगा जेवायला आला नाही की त्या घरातील बाई चौकशीला माणूस पाठवी, हेही तीबरोबर गेले. आजच्या मुलाचे जेवण पिशवीतून दाराशी येते आणि चार दिवस त्याने ते मागविले नाही तर कोणाच्याही ध्यानात येत नाही.

येत्या प्रवेशांच्या वेळी वसतिगृहे पुन्हा भरतील. फाटकावर घोषणा देणारे कार्यकर्ते दरवर्षी असतात. या वर्षी त्यांनी रेक्टरकडे निवेदनाऐवजी वस्तीतील दहा घरांची यादी घेऊन जावे. प्रत्येक घरी दोन मुले, रविवारचे जेवण, आणि न आल्यास एक दूरध्वनी. यादीच्या खाली राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्यवाणीचा 14446 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक ठळक लिहावेत, आणि तो कागद सूचनाफलकावर, नाव कमी केल्याच्या नोटिशा लागतात नेमक्या त्याच जागी, लावण्याची परवानगी मागावी.