हौसेला मोल नाही काय?

हौसेला मोल नसते, ही म्हण आपल्या घरांतून वरचेवर ऐकू येते. परंतु तिचे दोन निराळे अर्थ संभवतात, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मनाच्या आनंदाची मोजदाद रुपयांत होत नाही, हा एक अर्थ. हौस म्हटली की किंमत विचारावयाचीच नाही, हा दुसरा. पहिला अर्थ रसिकाचा आहे. दुसरा विकणाराच्या सोयीचा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे सुविद्य घरांतूनही कसे पेच उत्पन्न होतात, याचे एक उदाहरण नुकतेच एका पत्राच्या द्वारे आमच्यापुढे आले आहे. या वेळी त्याचाच विचार करू.

पत्र रोह्याच्या एका गृहस्थांचे आहे. तीन भावांचे एकत्र कुटुंब; पत्रलेखक त्यांत वडील, म्हणून कर्तेपण त्यांच्याकडे. नागोठण्याच्या बाजूची वडिलोपार्जित जमीन रस्त्याच्या रुंदीकरणात गेली आणि तिचा मोबदला सामाईक खात्यात जमा आहे. धाकट्या भावाचा मुलगा पुण्यास अभियंता आहे. त्याला फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ जीटीआय ही मोटार घ्यावयाची आहे. वर्षभर वापरलेली एक गाडी मूळ मालक जवळजवळ मूळ किमतीलाच, म्हणजे 53 लाखांना, देऊ करीत आहे. पुतण्याचे म्हणणे असे की, पहिल्या खेपेस देशात दीडशेच गाड्या आल्या, तेव्हा अशी वस्तू घेणे म्हणजे पैसा घालविणे नसून पैसा राखणे होय. गृहस्थ लिहितात, "मुलगा निर्व्यसनी व कष्टाळू आहे. नाही म्हणावे तर भावाचे मन दुखावते. हो म्हणावे तर वाडवडिलांची जमीन माझ्या हातून लोखंडात गेली असे होते. गाडी त्या किमतीची आहे की नाही, एवढे आपण सांगावे."

ज्या वाचकांना मोटारींच्या जाती परिचित नाहीत त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा करतो. जिचे मागचे दार काचेसकट वर उघडते आणि बसण्याची व सामानाची जागा एकाच दालनात असते, अशा आटोपशीर घरगुती गाडीस हॅचबॅक म्हणतात. तशाच साध्या दिसणाऱ्या गाडीत जोरदार इंजिन, घट्ट स्प्रिंगा आणि भक्कम ब्रेक बसविले म्हणजे तिला हॉट हॅचबॅक हे नाव मिळते. हा प्रकार लोकप्रिय करण्यात गोल्फ जीटीआयचा वाटा मोठा आहे. 1975 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली व 1976 पासून विकली जाऊ लागली. त्या वेळी तिची शक्ती 110 अश्वशक्ती होती. आज भारतात आलेली गोल्फ जीटीआय मे 2025 मध्ये बाजारात उतरली. तिचे इंजिन दोन लिटरचे टर्बो पेट्रोल असून शक्ती 265 अश्वशक्ती आहे. उभ्या स्थितीतून ताशी 100 किलोमीटरचा वेग ती 5.9 सेकंदांत गाठते, आणि तिचा कमाल वेग ताशी 250 किलोमीटर आहे. बाजारात उतरली तेव्हा दुकानातील किंमत 53 लाख होती; नोंदणीचा कर व विमा त्यावर वेगळा. पहिल्या खेपेच्या 150 गाड्या हातोहात खपल्या.

गाडीचे गुण नाकारण्यात हशील नाही. ज्या गाडीतून सकाळी मुलांना शाळेत पोचवावे व मंडईतून भाजी आणावी, तीच गाडी सायंकाळी घाटातील वळणावर चालविणाराच्या हाताला उत्तम जातिवंत घोड्यासारखी साथ देते. यंत्रकलेची ही करामत खरीच आहे, आणि तिच्यामागे पन्नास वर्षांची साधना आहे. तेव्हा पुतण्याची निवड पोरकट आहे, असे म्हणता येणार नाही. प्रश्न निराळा आहे: जी किंमत मागितली जात आहे, तीत गाडीचे मोल किती आणि 'दीडशे' या आकड्याचे किती?

हा भेद पेणच्या लोकांना सहज कळावा. आमच्याकडील गणपतीच्या कारखान्यांतून एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, तरी दोन मूर्तींच्या किमतींत बरेच अंतर असू शकते. ते अंतर प्रामुख्याने कारागिराच्या हाताचे असते. डोळ्यांची आखणी ज्याच्या हातून झाली त्याचे कसब गिऱ्हाईक पाहते आणि त्याचा पैसा देते. साच्यातून मूर्ती दहाच काढल्या, एवढ्याने त्यांतील एकीच्याही डोळ्यांत तेज येत नाही.

मोटारींचे याहून निराळे नाही. 1976 ची पहिली गोल्फ जीटीआय अवघ्या पाच हजार बनवावयाच्या, असा कंपनीचा मूळ बेत होता. प्रत्यक्षात पुढे हे नाव धारण करणाऱ्या वीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि तिची कीर्ती वाढतच गेली. याउलट आपल्या चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या पोलो गाडीचे पर्व 2022 साली संपले, तेव्हा 'लेजंड' नावाची 700 गाड्यांची खास आवृत्ती काढण्यात आली. तिच्यात नवे होते ते नावाचे बिल्ले व बाजूची चित्रपट्टी. इंजिन नेहमीचेच होते. तेव्हा 'मर्यादित आवृत्ती' हे शब्द कानी पडताच सुज्ञ गिऱ्हाइकाने एकच प्रश्न विचारावा: संख्या कमी केली ती ठीक, पण यंत्रात अधिक काय घातले?

गोल्फ जीटीआयच्या यंत्रात पुष्कळ अधिक आहे, हे वर सांगितलेच. परंतु दीडशे हा आकडा कलावंताच्या संयमातून आलेला नाही. ही गाडी परदेशातून तयार स्थितीत येते. अशा मोटारीवर आयातशुल्क जबर असते. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि सव्वाचार मीटरांहून लांब व दोन लिटर इंजिनाची ही गाडी त्याच वर्गात पडते. चार मीटरांच्या आतील, 1200 घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीस तोच कर 18 टक्के आहे. म्हणजे गाडी थोड्या आल्या त्या महाग पडतात म्हणून. आणि आता थोड्या आल्या म्हणून त्या अधिक महाग विकावयाच्या, असा हा उलटा न्याय आहे.

विरळ वस्तूची किंमत टिकतेच, हे पुतण्याचे गृहीतही तपासून पाहण्याजोगे आहे. याच कंपनीने 2016 च्या नोव्हेंबरात पोलो जीटीआय ही 192 अश्वशक्तीची तीन दारी गाडी भारतात आणली. किंमत पंचवीस लाखांच्या वर, आणि संख्या फक्त 99. नव्याण्णव ही दीडशेहून कमीच! तथापि दुसऱ्या वर्षी कंपनीलाच ती किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. ज्याने पहिल्या महिन्यात गाडी घेतली, त्याला आपल्या गाडीच्या विरळतेचा काय आधार मिळाला असेल?

आता थोडे गणित करू. मोटारीच्या विम्यात गाडीची घट धरण्याचे एक कोष्टक आहे. गाडीस एक वर्ष उलटून गेले म्हणजे 20 टक्के घट धरतात. चार वर्षांनंतर पाचव्या वर्षाच्या अखेरपर्यंत 50 टक्के. बाजारभाव याहून थोडा वरखाली असू शकतो, पण हिशेबास हे कोष्टक पुरेसे आहे. 53 लाखांच्या गाडीचे विमामूल्य वर्ष उलटल्यावर 42 लाख 40 हजार होते. विकणारा मागतो 53 लाख. मधले 10 लाख 60 हजार कशाचे? ते दीडशे या आकड्याचे. तेवढ्या पैशांत चालविण्याची मौज असलेली एक नवी देशी गाडीच येऊ शकली असती. 2024 साली टाटा मोटर्सने आणलेली 120 अश्वशक्तीची अल्ट्रोझ रेसर साडेनऊ लाखांच्या आतून सुरू होत होती.

पुढे चला. गाडी पाच वर्षांची होईल तेव्हा तिचे विमामूल्य साडेसव्वीस लाख उरेल. म्हणजे या घराच्या खात्यातून चार वर्षांत साडेसव्वीस लाख झिजतील. मुलगा नोकरीत गुंतलेला. मनासारखी गाडी हाकावयाची ती रविवारीच. चार वर्षांत रविवार येतात 208. एकेका रविवारची फेरी पावणेतेरा हजार रुपयांना पडली. पेट्रोल, विमा, टायर यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

आणि ती फेरी मारावयाची कोठे? पेणहून रोह्याचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेतल्या महामार्गाचे पनवेल ते इंदापूर हे 84 किलोमीटरांचे रुंदीकरण 2011 साली हाती घेतले गेले आणि दशकाहून अधिक काळ रखडले. त्या काळातील पावसाळ्यांत वडखळच्या पुढे वाहनांची काय दैना होत असे, ती ज्याने त्या वाटेने प्रवास केला त्यास सांगावयास नको. या गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे 136 मिलीमीटर उंच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार बांधलेला गतिरोधकच 100 मिलीमीटर उंचीचा असतो. आमच्या गावांतून ते कोणत्या प्रमाणाने बांधतात, हे बांधणारासच ठाऊक. वेगाची गोष्ट तर बोलावयासच नको. पेणपासून खोपोलीस गेले की मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग लागतो. त्याच्या सपाट भागातही मर्यादा ताशी 100 किलोमीटरची आहे. अडीचशेचा वेग हा तेथे दंडाचा, आणि प्रसंगी प्राणाचा, विषय आहे. कोलाडहून ताम्हिणी घाटाकडे वळणारा रस्ता सुरेख आहे हे खरे. परंतु त्या वळणांची गोडी ताशी चाळीसच्या वेगानेही मिळते, आणि तेवढ्यासाठी 265 घोडे लागत नाहीत.

इथवर वाचून घरोघरची वडील मंडळी मान डोलावतील, त्यांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. जी वस्तू टिकत नाही तिच्यावर पैसा घालू नये, असा जर आपला सिद्धांत असेल, तर तो आपण स्वतःच दर भाद्रपदात मोडतो. दीड दिवसांनी पाण्यात सोडावयाच्या मूर्तीसाठी आपण चांगला कारागीर शोधतो, आणि त्या पैशाचा कोणास पश्चात्ताप झालेला आम्ही पाहिला नाही. धनाच्या तीन गती भर्तृहरीने सांगितल्या, त्यांत दानाच्या पाठोपाठ उपभोगालाही स्थान आहेच. रोह्याचे चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री; त्यांनीच कालिदासाच्या मेघदूताचे मराठीत रूपांतर केले. पैशाचा हिशेब ठेवणारा मनुष्य रसिक असू नये, असे कोठेही लिहिलेले नाही. तेव्हा पुतण्याच्या आवडीला 'खूळ' म्हणून हिणवू नये. तरुण माणसाची आवड हिणवली म्हणजे ती जात नाही. ती फक्त घरात बोलली जाईनाशी होते, आणि एकत्र कुटुंबास ते मोटारीच्या किमतीहून महाग पडते.

खरा निर्णय पैसा कोणाचा, यावर आहे. सामाईक मिळकतीस कर्त्याने केव्हा हात लावावा, याविषयी मिताक्षरेची परंपरा स्पष्ट आहे: आपत्ती आली असता, कुटुंबाच्या गरजेसाठी, अथवा आवश्यक धर्मकृत्यासाठी. आपल्या न्यायालयांनीही कायदेशीर गरज आणि इस्टेटीचे हित ही कसोटी याच पायावर उभारली आहे. गोल्फ जीटीआय या तिहींपैकी कोणत्याही सदरात बसत नाही. जमिनीच्या मोबदल्यात घरातल्या सुनांचा, शिकत्या मुलांचा आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा वाटा आहे; त्या साऱ्यांच्या पैशाने एकाच्या रविवारची हौस पुरविणे न्यायाचे नाही. कर्त्याने येथे निःशंक 'नाही' म्हणावे. भावास हेही सांगावे की, हाच नियम मी माझ्या मुलासही लावीन. म्हणजे त्या नकारात डंख उरणार नाही.

पुतण्याच्या स्वतःच्या मिळकतीची गोष्ट मात्र निराळी. घरखर्चातील आपला वाटा देऊन, अडीअडचणीची शिल्लक बाजूस ठेवून आणि कर्ज न काढता त्याने असली गाडी घेतली, तर काकांनी नारळ फोडावयास आनंदाने जावे. त्याला आमची सूचना तीन गोष्टींची. गाडीची किंमत द्यावी, आकड्याची देऊ नये. वर्ष उलटलेल्या गाडीस 42 लाखांवर एक पैसा देण्याचे कारण नाही, आणि मालक तयार नसेल तर थांबावे. घेतली तर ती चालवावी. कापडाखाली झाकून भाव वाढण्याची वाट पाहत ठेवलेली मोटार ही ना उपभोग, ना ठेव. आणि त्याआधी एक रविवार साध्या गाडीने ताम्हिणीतून जाऊन यावे. परत येताना मन वळणात रमले होते की पाहणारांच्या नजरेत, एवढे स्वतःशी प्रामाणिकपणे विचारावे. पहिले असेल तर त्याच्या हौसेला खरोखरच मोल नाही. दुसरे असेल, तर त्या नजरांसाठी दर रविवारी पावणेतेरा हजार रुपये मोजावयाचे काय, हे त्यानेच ठरवावे.