नवे पोप कोणाचे?

दि. ८ मे २०२५ रोजी कार्डिनल रॉबर्ट प्रेव्होस्ट यांची परमगुरुस्वामीपदी निवड झाली व त्यांनी लिओ चौदावे हे नाव धारण केले. लागलीच जगभरातून प्रतिक्रिया उमटल्या. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हा अमेरिकेचा बहुमान मानला; पेरूने आपल्या माजी बिशपांवर हक्क सांगितला; इतरांनी ते उजवे की डावे, याचा काथ्याकूट केला.

ह्या साऱ्यामागे एकच प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते : ते कोणाचे? आपल्या विदर्भातही नवे बिशप आले की प्रथम त्यांचे मूळ गाव विचारले जाते. परंतु मेंढपाळाची ओळख जन्मगावावरून नव्हे, सेवेवरून ठरते. शिकागोत जन्मलेल्या ह्या ऑगस्टिनियन मिशनऱ्याने पेरूत अनेक वर्षे सेवा केली व २०१५ साली तेथील नागरिकत्व स्वीकारले. निवडीनंतर सज्जातून त्यांनी चिक्लायो येथील आपल्या जुन्या धर्मप्रांताला स्पॅनिश भाषेत अभिवादन केले.

त्यांचे नावही बोलके आहे. लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात कामगारांच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमिकांच्या प्रतिष्ठेचा तोच प्रश्न पुन्हा उभा आहे, असे नव्या पोपमहोदयांनी १० मे रोजी कार्डिनलांना सांगितले.

रिसोड परिसरात सोयाबीनच्या शेतात रोजंदारीवर राबणाऱ्या भगिनीला पोपमहोदयांच्या राष्ट्रीयत्वाशी काय कर्तव्य? तिच्या घामाचे मोल मागणारा शब्द आपण आपल्या धर्मग्रामात आचरणात आणतो का, यावरच आपले स्वागत खरे की खोटे, ते ठरेल.