मालकी कागदावर, हक्क जमिनीखाली

‘तुमची जमीन कोणी घेत नाही, तिच्याखालून फक्त एक नळ जाणार आहे.’ वायूची किंवा तेलाची वाहिनी एखाद्या गावातून जावयाची असली म्हणजे गावकऱ्यांची समजूत या एकाच वाक्याने घातली जाते. वाक्य शब्दशः खरे आहे आणि नेमके म्हणूनच ते फसवे आहे. सातबाऱ्यावरील नाव बदलत नाही, शेतसारा पूर्वीच्याच मालकाने भरावयाचा असतो, बांधही जागचे हलत नाहीत. हलते ते एवढेच की, त्या जमिनीचे पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचा मालकाचा अधिकार संपुष्टात येतो.

ज्या कायद्याच्या आधारे हे घडते तो १९६२ सालचा आहे. त्या काळी देशात सार्वजनिक क्षेत्रातील तेल उद्योग उभा राहत होता. शेकडो मैलांच्या वाहिन्यांसाठी जमीन कायमची संपादन करण्याऐवजी तिच्याखालचा केवळ वापरहक्क घ्यावा, म्हणजे शेतकऱ्याची शेती चालू राहील आणि राष्ट्राचेही काम होईल, असा विचार त्यामागे होता. हा विचार मुळात चुकीचा होता असे कोणीही म्हणणार नाही. १९७७ साली तेलाबरोबर खनिजांच्या वाहिन्याही या कायद्याच्या कक्षेत आल्या. परंतु हक्क घेण्याची किंमत म्हणून कलम १० मध्ये जो आकडा घातला गेला, तो साठ वर्षे उलटली तरी जागचा हललेला नाही. पिकांचे व झाडांचे नुकसान वेगळे भरून दिले जाते हे खरे, पण प्रत्यक्ष वापरहक्काची भरपाई ही अधिसूचनेच्या दिवशी असलेल्या बाजारभावाच्या फक्त दहा टक्के, आणि तीही एकदाच!

या दहा टक्क्यांच्या मोबदल्यात मालक काय गमावतो? कलम ९ अन्वये त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. अधिसूचनेपूर्वी जमिनीचा जो वापर चालू होता तोच पुढे चालू ठेवण्याची त्याला मुभा आहे. म्हणजेच त्या दिवशीची जमीन जणू गोठविली जाते. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, जमिनीची किंमत ही तिच्या आजच्या उत्पन्नापेक्षा उद्याच्या शक्यतांवर अधिक अवलंबून असते. गावाकडे रस्ता येतो, शाळा येते, वस्ती वाढते आणि जमिनीचा भाव चढतो. शक्यताच काढून घेतली तर उरते ते फक्त मालकीचे टरफल. नव्वद टक्के मूल्य मालकाकडे राहिले असे गृहीत धरणाऱ्या कायद्याने हा साधा हिशेब केलेला नाही.

राहत्या घरांना या कायद्यात संरक्षण आहे, असे उत्तर यावर दिले जाते. तेही खरे आहे. कलम ७ नुसार जी जमीन अधिसूचनेच्या लगतपूर्वी राहण्यासाठी वापरात होती, जिच्यावर पक्के बांधकाम होते किंवा जी घराच्या आवाराचा भाग होती, तिच्याखालून वाहिनी नेता येत नाही. पण हे संरक्षण कोणाला मिळते याचा विचार केला पाहिजे. ज्याचे घर बांधून झाले आहे, तो सुरक्षित राहतो. ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून घरासाठी तुकडा घेतला, पण भिंती उभारण्याइतका पैसा अद्याप जमलेला नाही, त्याचा तुकडा कायद्याच्या दृष्टीने मोकळी जमीन ठरतो. श्रीमंताचे घर आधी उभे राहते आणि गरिबाचे घर पुष्कळ वर्षे मनातच असते. मनातल्या घराला कलम ७ ओळखत नाही.

केरळमध्ये हाच प्रश्न रस्त्यावर आला. कोची ते मंगळूर ही सुमारे ४५० किलोमीटरची वायुवाहिनी दाट वस्तीच्या जिल्ह्यांतून जाणार होती. तेथे जमीन सेंटमध्ये मोजली जाते. दहा सेंट म्हणजे सुमारे चारशे चौरस मीटर, आपल्याकडील चार गुंठे. वाहिनीचा पट्टा वीस मीटर रुंदीचा. वीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असा तुकडा ज्याच्या मालकीचा आहे, त्याच्या बाबतीत पट्टा म्हणजेच संपूर्ण तुकडा होय. समजा, त्याची किंमत दहा लाख रुपये आहे. दहा टक्क्यांनी हाती पडतो एक लाख. वाहिनी तीस वर्षे वापरली गेली असे धरले, तर हे भाडे दिवसाला दहा रुपयेदेखील होत नाही.

नोव्हेंबर १९१७ नव्हे, नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि तेही डाव्या आघाडीच्या राज्यात, कोळिकोड जिल्ह्यातील मुक्कमजवळ या प्रश्नावर निदर्शने झाली आणि पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर राज्य सरकारने भरपाईचे दर वाढविले आणि दहा सेंट किंवा त्याहून कमी जमीन असणाऱ्यांना पाच लाख रुपयांचे विशेष साहाय्य जाहीर केले. या घटनाक्रमातील धडा डाव्या चळवळीने आपल्यापासून लपवू नये. लाठी आधी आणि न्याय नंतर, हा क्रम काँग्रेसच्या किंवा भाजपच्या राजवटीत निषेधार्ह असेल, तर तो डाव्यांच्या राजवटीतही निषेधार्हच आहे. शेजारच्या तामिळनाडूत सात जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या विरोधामुळे वाहिनी महामार्गांच्या कडेने न्यावी, अशी भूमिका तेथील सरकारने २०१३ साली घेतली. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे म्हणणे फेटाळले. विधिमंडळ आणि संसद जे बदलावयास तयार नाहीत ते न्यायालयाकडून बदलून मिळेल, या आशेवर चळवळ चालत नाही.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध दूरचा नाही. काकिनाड्याहून भडोचकडे जाणारी पूर्व-पश्चिम वायुवाहिनी २००९ साली सुरू झाली. ती रिलायन्स उद्योगसमूहाने टाकली आणि महाराष्ट्रातील शेतांखालूनही ती गेली आहे. १९६२ च्या कायद्यातील ‘महामंडळ’ या शब्दाच्या व्याख्येत कंपनी कायद्याखाली नोंदलेली कोणतीही कंपनी बसते. त्यामुळे राष्ट्राच्या नावाने सरकारने घेतलेला हक्क खाजगी भांडवलाच्या पदरात पडू शकतो. २०१९ साली ही वाहिनी ब्रुकफील्ड या कॅनडातील भांडवलसमूहाच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या न्यासाकडे गेली. व्यवहार सुमारे १३,००० कोटी रुपयांचा होता. शेतांखालून जाण्याचा अखंड हक्क नसता, तर जमिनीखालच्या त्या पोलादाला भंगाराखेरीज काय किंमत आली असती? ज्यांनी तो हक्क दिला त्यांना या १३,००० कोटींत एका पैशाचाही वाटा नव्हता. शेतकऱ्याच्या हक्काची किंमत एकदाच मोजावयाची आणि कंपनीच्या हक्काची किंमत दर विक्रीला नव्याने मोजावयाची, हे भांडवलशाहीचे अंकगणित आहे.

पैशाने मोजता न येणारा धोकाही जमिनीवरच्याच माणसांच्या वाट्याला येतो. २७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम या गावी ‘गेल’ या सार्वजनिक कंपनीची वायुवाहिनी फुटली आणि वीसहून अधिक माणसे होरपळून मेली. वाहिनी सरकारी असली म्हणजे ती आपोआप लोकांची होत नाही. तिची देखरेख लोकांच्या नजरेखाली असावी लागते. २०११ च्या दुरुस्तीने वाहिनीला इजा करणाऱ्यांच्या शिक्षा कठोर केल्या, पण वाहिनीने ज्यांना इजा होईल त्यांच्यासाठी तितकीच तत्परता दिसली नाही.

वायू स्वस्त व स्वच्छ इंधन आहे, तो कारखान्यांना आणि स्वयंपाकघरांना हवा आहे, भरपाई वाढविली तर तो महाग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. वायू हवाच आहे. समाजवाद्यांचा विरोध वाहिनीला नाही. परंतु जी वस्तू सर्वांच्या उपयोगाची आहे तिचा बोजाही सर्वांनी वाहिला पाहिजे. तो केवळ पट्ट्यात सापडलेल्या अल्पभूधारकाच्या डोक्यावर ठेवून वायू ‘स्वस्त’ म्हणविणे म्हणजे त्याच्याकडून सक्तीने अनुदान वसूल करणे होय. दुसरा मार्ग आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ प्रमाणे एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याचा पाट किंवा नळ न्यावयाचा असेल, तर त्याने नुकसानभरपाईबरोबरच वार्षिक भाडेही द्यावयाचे आहे. रक्कम कितीही लहान असो, तत्त्व मोठे आहे. जोपर्यंत वापर, तोपर्यंत मोबदला. शेजारच्या शेतकऱ्याला जे तत्त्व लागू होते ते बलाढ्य कंपनीला का लागू होऊ नये?

विजेच्या तारांच्या बाबतीत तर केंद्र सरकारनेच आपला हात थोडा सैल केला आहे. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी मूल्याच्या ८५ टक्के भरपाई सुचविली होती, ती २०२४ मध्ये २०० टक्क्यांवर गेली आणि तारांखालच्या पट्ट्यासाठीची भरपाई १५ वरून ३० टक्क्यांवर नेली गेली. तारांखालच्या जमिनीचे मूल्य घटते हे ज्या सरकारला समजते, त्याला वाहिनीवरच्या जमिनीचे मूल्य घटते हे समजू नये काय?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. दहा टक्क्यांचे कलम रद्द करून वापरहक्कासाठी महागाईशी जोडलेले वार्षिक भाडे द्यावे. वाहिनी विकली गेली तर विक्रीमूल्यातील वाटा जमीनधारकांना मिळावा. घरासाठी राखलेला छोटा तुकडा राहत्या घराइतकाच संरक्षित मानावा, आणि ते अशक्य असेल तेथे त्याची संपूर्ण किंमत देऊन पर्यायी जागा द्यावी. तपासणीचे अहवाल दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावेत.

या मागण्या दिल्लीत पोहोचण्यापूर्वी गावात पोहोचल्या पाहिजेत. अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यासाठी कायद्याने फक्त २१ दिवस दिले आहेत. राजपत्रातील गट क्रमांक शेतकऱ्याला कळेपर्यंत त्यातले बरेचसे निघून गेलेले असतात. पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने हे राजपत्र वाचण्याचे आणि हरकतींचे अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. सभा आणि मोर्चे नंतरही होतील. पण एकविसाव्या दिवसाच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे पोहोचलेला एक अर्ज बाविसाव्या दिवशीच्या दहा भाषणांपेक्षा अधिक मोलाचा आहे.